हात लावायचा नाही

घर सोडा, असं चष्मेवाल्याने आम्हाला सांगितलं तेव्हा तो आमच्याच बाथरूममध्ये उभा होता आणि भिंतीवरची स्टीलची दांडी त्याने एका हाताने घट्ट धरली होती. आधी नुसती धरली, मग हलवून पाहिली, मग अंगाचा थोडा भार टाकून पाहिला. "काय भक्कम बसवलीय हो!" म्हणाला. आणि त्याच दमात, "बरं, महिनाअखेर घर रिकामं करावं लागेल तुम्हाला. माझा भाचा यायचाय राहायला."

चष्मेवाला म्हणजे आमचा घरमालक. बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान आहे. बोलणं इतकं गोड की हा आपल्याकडून काही काढून घेतोय हे घरी पोचल्यावर कळतं.

ती दांडी माझ्या नवऱ्याने बसवली होती, त्याच्या आईसाठी. सासूबाई मागे एकदा घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सपाट जमिनीवर त्या काठी टेकत सगळीकडे फिरतात, माझ्या स्वयंपाकात नाक खुपसतात, गल्लीतल्या प्रत्येकाची खबर ठेवतात. पण जिना म्हटला की संपलं. म्हणून आम्हाला तळमजलाच लागतो, आणि बाथरूममध्ये धरायला काहीतरी लागतं.

नवरा प्लंबर आहे. गळका नळ त्याला ऐकवत नाही. भिंतीआड कुठे थेंब पडत असला तरी जेवता जेवता त्याचा घास हातात राहतो. चष्मेवाल्याचं घर आम्ही घेतलं तेव्हा भिंतींना ओल, छताचे पोपडे ताटात पडायचे, मोरी तुंबलेली, खिडकी लागायची नाही. म्हणून तर स्वस्त होतं. सुट्टीच्या दिवशी नवरा काहीतरी काढून बसायचा. आज नळ, पुढच्या वेळी फरशी, मग खिडकी, मग रंग. सामान कामावरच्या उरल्यासुरल्यातून आणायचा, घाम स्वतःचा. घर असं झालं की बघणाऱ्याने बघत राहावं. आणि मालक नेमका तेव्हाच बघायला येतो. हे आमचं तिसरं घर. आधीच्या दोन्ही घरांची हीच गत झाली होती. तिथेही कुणाचा तरी जावई येणार होता, कुणाची तरी बहीण.

मी दरवेळी कानीकपाळी ओरडत आले, अहो, परक्याचं घर आहे, हात आवरा. त्याचं एकच उत्तर. "राहतोय ना आपण इथे? मग नीट नको राहायला?" बोलणं खोटं नाही. म्हणूनच ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

घर मिळालं नाही तर काय, तेही ठरल्यासारखंच होतं. आम्ही दोघं कुठल्यातरी वरच्या खोलीत राहिलो असतो. सासूबाई मात्र थोरल्या दिरांकडे, मोठ्या शहरात. थोरले दीर वाईट नाहीत, जाऊबाईही नाहीत. पण त्यांचा चौथा मजला आणि लिफ्ट नाही.

"मला एकदा वर नेलं," सासूबाई म्हणाल्या, "की मी खाली येणार ती आडवीच."

"काहीतरी बोलू नका," मी म्हटलं.

"काहीतरी नाही बोलत. जिने मोजायला येतात मला."

माझं आणि त्यांचं पटत नाही. मी चिरलेली भाजी त्यांना जाड वाटते, त्यांनी घडी घातलेले कपडे मी पुन्हा उलगडून घडी घालते. पण दिवसभर मशीनसमोर उभी राहून घरी आले की दारातून "आलीस? उशीर केलास" असं खेकसणारं कुणीतरी असतं, आणि मला ते हवं असतं. सांगूनच टाकते, उगाच आडपडदा कशाला. त्यांना चौथ्या मजल्यावर कोंडायची कल्पना मला सहन होत नव्हती.

मी लॉन्ड्रीत काम करते. मोठ्या रोलरच्या इस्त्रीत ओल्या चादरी एका बाजूने सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने कडक, गरम बाहेर आल्या की घड्या घालायच्या. पूर्वी आमच्याकडे दवाखान्याच्या चादरी यायच्या, थोड्या लॉजच्या. मग गावाबाहेरच्या तळ्याचा कुणीतरी फोटो काढला, तो सगळीकडे फिरला, आणि शनिवार-रविवार शहरातली माणसं गाड्या भरभरून यायला लागली. तळं तेच. आम्ही त्यात म्हशी धुताना पाहिल्या आहेत. पण पाहुण्यांना झोपायला जागा लागते. तेव्हा गावातल्या ज्याच्या ज्याच्याकडे एखादी खोली होती त्याने भाडेकरू काढला, दोन कुंड्या ठेवल्या, भिंतीवर एक चित्र टांगलं आणि खोली दिवसावर द्यायला सुरुवात केली. आता गाठोड्यावर घराचं नाव लिहून चादरी येतात. अमुक निवास, तमुक कॉटेज. त्यातल्या कितीतरी घरांत पूर्वी कोण राहायचं ते मला माहीत आहे. गावातली अर्धी रिकामी घरं माझ्या हाताखालून जात होती, चादरीच्या रूपाने, आणि मला राहायला एक मिळत नव्हतं. रोलरची वाफ तोंडावर घेत मी मनातल्या मनात एकेका घरमालकाचा उद्धार करायचे.

कामावरून सुटले की घर बघायला. एकाने गाडीची शेड दाखवली. शटर वर केलं आणि म्हणाला, "ऐसपैस आहे, हवा भरपूर." हवा असणारच, भिंत नव्हती एका बाजूला. दुसऱ्या घरात जिन्याखाली ओटा होता. स्वयंपाक करायचा तर गुडघ्यावर बसून. एक बाई चांगल्या वाटल्या, घरही ठीक होतं, भाडंही झेपेल असं. मी डिपॉझिटचं विचारलं तर म्हणाल्या, "डिपॉझिटचं बघू हो. फक्त एक आहे, शनिवार-रविवार तुम्ही इथे नसायचं."

"म्हणजे?"

"पाहुण्यांना देतो ना आम्ही. तुमचं सामान त्या कपाटात मावेल. शुक्रवारी संध्याकाळी जायचं, सोमवारी सकाळी यायचं."

"माझ्या सासूबाईंना धड चालता येत नाही. त्यांना कपाटात ठेवू का?"

बाई रागावल्या. मला म्हणाल्या, तुमच्यासारख्या माणसांना काही द्यायला जावं तर अशी भाषा. मी फाटकाबाहेर पडत असताना मागून आणखीही काही म्हणाल्या. मीही बाहेरून दोन शब्द पाठवले.

मग मी चकाचकला धरलं. गावात घरांचा एजंट एकच, आणि तो कुठल्याही घराला "एकदम चकाचक" म्हणतो, म्हणून त्याचं ते नाव. पाहुण्यांच्या घरांची गाठोडी लॉन्ड्रीत तोच आणून टाकतो. मी त्याला गाठोड्यासकट अडवलं.

"तळमजला, झेपेल असं भाडं, बाकी काही नको," मी म्हटलं. "घरात म्हातारं माणूस आहे."

त्याने खांद्यावरचं गाठोडं खाली टाकलं. "ताई, तुमचं नशीब बघा! कालच एक आलंय. तळमजला. सगळं नवं केलेलं, नळ नवे, रंग नवा, मोरी कधी तुंबायची नाही. आणि ऐका, बाथरूममध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी खास स्टीलची दांडी! गावात दुसरीकडे दाखवा. एकदम चकाचक."

"कुठे आहे?"

"पत्ता नाही सांगायचा आधी. आमच्या धंद्याचा नियमच आहे. पत्ता सांगितला की गिऱ्हाईक परस्पर मालकाला गाठतं आणि आम्ही बसतो हात चोळत. चला, दाखवतोच."

मी त्याच्या स्कूटरवर बसले. गरजेने माणूस किती आंधळं होतं ते बघा. दांडी हा शब्द ऐकून मला फक्त आनंद झाला. वाटलं, आपल्यासारखाच कुणीतरी शहाणा माणूस गावात आहे. दवाखान्यावरून डावीकडे वळलो. पाण्याची टाकी आली, म्हटलं बरं झालं, आपल्याच भागात आहे. गल्ली आली, म्हटलं अरे वा, आपल्याच गल्लीत. मग त्याने स्कूटर थांबवली, आणि समोर दारातल्या खुर्चीवर काठी मांडीवर घेऊन माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

"सध्याचे भाडेकरू," चकाचक माझ्या कानाशी पुटपुटला. "महिनाअखेर जातायत. म्हातारी जरा तोंडाळ दिसतेय, लक्ष देऊ नका."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. एक क्षण पुरला त्यांना.

"घर बघायला आलात?" त्या म्हणाल्या. "या, या. चपला बाहेर काढा. फरशी माझ्या मुलाने बसवलीय. रंग मुलाने दिलाय. सून काही कामाची नाही, पण मुलगा फार गुणी. बघा सगळं नीट."

आणि तो मला दाखवत गेला! माझं स्वयंपाकघर, माझी खिडकी, दोरीवर वाळणारे माझेच टॉवेल. बाथरूमचं दार उघडून म्हणाला, "ही बघा दांडी. धरून बघा, धरून बघा."

मी धरली. "भाडं किती?"

त्याने सांगितलं. आम्ही देत होतो त्याच्या दुप्पट.

"यात दांडीचं धरलंय की तिचं वेगळं?"

"नाही हो ताई, सगळं त्यातच," तो म्हणाला. माझ्या मागे खुर्चीवर सासूबाई हसत होत्या. म्हणजे मला वाटलं हसतायत. वळून पाहिलं तर पदराने डोळे पुसत होत्या.

मी तशीच तडक चष्म्याच्या दुकानात गेले. चष्मेवाला एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होता.

"भाचा कधी येतोय?" मी विचारलं.

"या ताई, बसा ना. भाच्याचं जरा पुढे गेलंय."

"मग आम्ही राहतो."

"राहा की! तुमच्यासारखी माणसं कुठे मिळतात. फक्त नव्या भाड्याने राहा. बाजारभाव आहे, मी काय करणार?"

"ते घर गुरांनाही बांधायच्या लायकीचं नव्हतं! नळ आमचे, रंग आमचा, दांडी आमची. आमच्याच कष्टाचं भाडं आमच्याकडून घेणार तुम्ही?"

"करार वाचलात ना?" तो हसतच होता. "त्यात होतं, घर जैसे थे दिलंय. मी कुठे म्हटलं होतं दुरुस्त करा?"

खरंच म्हटलं नव्हतं. तेच तर. त्या नाकावर फ्रेम बसवलेल्या माणसाने आरशात बघत विचारलं, "जरा सैल वाटतोय का?" आणि मला वाटलं, इथलं एकूण एक काचेचं कपाट खाली ओढावं. मी काही ओढलं नाही. बाहेर आले आणि बाजाराच्या मधोमध उभी राहून रडले, रागाने.

घरी गेल्यावर हातोडी घेतली आणि बाथरूममध्ये शिरले. नवरा तेवढ्यात आला. त्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"लावलेलं फोडायचं नाही," तो म्हणाला.

"त्याच्यासाठी ठेवायचं?"

"कुणासाठी नाही. फोडायचं नाही एवढंच."

घर सोडायच्या दिवशी त्याने फक्त दांडी काढली, ती आमच्या पैशांची होती. टेम्पो दारात उभा, सामान चढतंय, आणि हा माणूस कुठे दिसेना. आत जाऊन पाहते तर दांडीची भोकं पुट्टीने बुजवत बसलेला! बुजवली, घासली, वरून रंगाचा हात दिला, मान तिरकी करून पाहिलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाई टेम्पोत पुढे बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बापावर गेलाय." त्या दिवशी आमचं एकमत झालं.

नवं घर लॉन्ड्रीतल्या एका बाईच्या ओळखीने मिळालं, अगदी शेवटच्या घटकेला. टायरच्या दुकानामागे, तळमजला. मालक निवृत्त कारकून. दर वाक्यामागे सुस्कारा टाकायचे, म्हणून आम्ही त्यांना सुस्कारे म्हणायला लागलो. "आता घर असं आहे," सुस्कारा. "कोण राहणार इथे," सुस्कारा. खरंच कोण राहणार. खिडकी उघडली की जळक्या रबराचा वास. भिंतीवर ओलीचा मोठा हिरवट डाग. बाथरूमची फरशी साबण लावल्यासारखी गुळगुळीत. आणि नळ गळत होता. नवऱ्याची मान लगेच तिकडे वळली.

मी त्याला दाराबाहेर ओढलं. "हात खिशात घाला."

"काय?"

"दोन्ही. आणि ऐका. या घरात कशालाही हात लावायचा नाही. नळाला नाही, भिंतीला नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही. हे घर असं आहे म्हणून आपल्याला परवडतंय. हे नीट झालं की आई चौथ्या मजल्यावर. कळलं?"

त्याने हात खिशात घातले. "कळलं," म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण मी बघितला.

आणि त्याने शब्द पाळला. नळाखाली बादली ठेवली होती, ती भरली की तो ओतून यायचा, पण नळाकडे बघायचा नाही. संध्याकाळी उगाचच बाहेर फिरून यायचा. टायरवाल्याचा पंप चालू झाला की त्याला बरं वाटायचं, कारण थेंब ऐकू यायचा नाही. दांडी कपाटामागे कापडात गुंडाळून ठेवली होती. तीही मी लावू दिली नाही. भोकं दिसतील, म्हणून. सासूबाईंना आंघोळीला मी धरून न्यायचे. त्यांना ते आवडत नव्हतं, मलाही नाही. त्या मला म्हणायच्या, "चिमटे काढतेस," मी म्हणायचे, "मग पडा." असं चाललं होतं. चालेल, असं मला वाटत होतं. घर राखायची युक्ती मला सापडली, असंच वाटत होतं.

मग एकदा लॉन्ड्रीत चादरी वाढल्या आणि मला यायला उशीर झाला. दार उघडलं तर बाहेरच्या खोलीपर्यंत पाणी. सासूबाई बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, चिंब भिजलेल्या, हातात तुटलेला नळ.

"घसरले," त्या म्हणाल्या. "धरायला हाच होता. तोही कुचका निघाला."

मनगट सुजलं होतं. बाकी काही मोडलं नव्हतं. मागोमाग नवरा आला, त्याने आधी पाणी बंद केलं. मी त्यांना कोरडं केलं, कपडे बदलले, मनगटाला फडकं गुंडाळलं, सगळं घाईघाईत. त्या मात्र शांत होत्या. मला तीच शांतता सोसेना.

"थोरल्याला फोन लाव," त्या म्हणाल्या. "मी जाते. मग तुम्हाला कसलीही खोली चालेल. उगाच माझ्यापायी किती नाचायचं."

"गप्प बसा!" मी ओरडले. सासूवर अशी कधी ओरडले नव्हते. "गप्प बसा तुम्ही! कुठे जायचं नाही!" आणि तसंच नवऱ्याकडे वळून, "अहो, बघत काय राहिलात? दांडी लावा!"

ड्रिल मशीन आधीच त्याच्या हातात होतं. त्याने दांडी लावली. आता तिथे आहेच तर नवा नळ बसवला. नळ बसवला तर मोरीची जाळी. फरशी खरखरीत करून घेतली. ओलीचं मूळ पाइपात सापडलं, तो पाइप बदलला, भिंत वाळल्यावर तिला रंगही दिला. कित्येक दिवसांत तो शीळ घालताना ऐकला नव्हता. सासूबाई एकट्या आत गेल्या, एकट्या बाहेर आल्या, आणि केस पुसत म्हणाल्या, "आज कुणी चिमटे काढले नाहीत." खूप बरं वाटलं मला. तेवढे दिवस तरी बरं वाटलं.

भाडं न्यायला सुस्कारे आले. हात धुवायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात. मी दाराशी जाऊन पाहिलं. ते दांडी धरून उभे होते. आधी नुसती धरली, मग हलवून पाहिली.

"छान बसवलीय," म्हणाले. या खेपेला सुस्कारा टाकला नाही.

"आमची आहे," मी म्हटलं. "जाताना घेऊन जाऊ."

"जाताना कशाला काढताय? भिंत खराब होईल. राहू द्या." त्यांनी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. भिंतीवर डाग होता तिथे हात फिरवला. "शनिवारी त्या एजंटाला घेऊन येतो जरा. काही नाही, सहज. घराची किंमत काय, माणसाला माहीत असावी."

ते गेले. माझ्या मनात राग मावेना. चष्मेवाला निदान पक्का बदमाश होता. हा साधा, दमलेला म्हातारा, आणि याच्याही हाताला दांडी लागल्याबरोबर जाग आली. आमच्या मेहनतीला किंमत होती, फक्त ती आम्ही निघून गेल्यावरच मिळायची, आणि दुसऱ्याला.

"दांडी काढा," सासूबाई म्हणाल्या.

"दांडी राहणार," मी म्हटलं. "बाकीचं बघते मी."

शनिवारी सकाळी मी लॉन्ड्रीत गेले नाही. चहाचा चोथा पाण्यात उकळला आणि रंग दिलेल्या भिंतीवर फडक्याने थापला, जुन्या डागाएवढा. सुस्काऱ्यांनी विचारलं तर म्हणायचं, ओल परत आली. दिवे काढून जुने मिणमिणते लावले. गादीचा कोपरा भिजवून भिंतीला टेकवला, खोलीभर कुबट वास सुटला. ओल्या चादरी बाथरूमच्या दांडीवर एकावर एक टाकल्या, वाळत घातल्यासारख्या, दांडी दिसेनाशी झाली. सासूबाई खुर्चीवरून हुकूम सोडत होत्या. "तिथे अजून लाव. खोटं वाटतंय." नवरा कोपऱ्यात बसून होता. माझ्याकडे बघतही नव्हता.

मग मी पाना घेतला आणि नळाशी वाकले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. पाना घसरला, पुन्हा लावला, पुन्हा घसरला.

नवरा उठला. मला वाटलं, आता हा माझं मनगट धरणार. त्याने माझ्या हातातून पाना घेतला.

"असं ओढलंस तर आटे जातील," तो म्हणाला. "आई धरेल तेव्हा निखळेल." तो वाकला. नळ उघडला, त्याने स्वतः घातलेला नवा वायसर काढून खिशात टाकला, खिशातूनच एक झिजलेला जुना काढला आणि बसवला. नळ बंद केला. थोडं घट्ट, थोडं सैल, कान लावून. थेंब पडला. मग दुसरा पडला. त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. आयुष्यात त्याने बिघडवलेला तो पहिला नळ, आणि तोही त्याने नीट बिघडवला.

मी बादली आणून खाली ठेवली.

"जरा दाराकडे सरकव," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "आणि रिकामी ठेव. आवाज बाहेरपर्यंत यायला हवा."

मी बादली सरकवली. फाटक वाजलं. बाहेर चकाचकचा आवाज आला, "साहेब, घर एकदम चकाचक असेल तर बोलूच नका, मी बसलोय ना." मग बेल वाजली. सासूबाई काठी सावरून मुद्दाम दोनदा खोकल्या. नवऱ्याने ओले हात पॅन्टला पुसले, आणि दोन्ही हात खिशात घातले.